दररोज

प्रणितनं फोनात अ‍ॅप घालून दिलं.
"काकी, आता विसरायचं नाय काही."
गॅस, बचतगटाचा हप्ता, बीपीची गोळी,
सगळं निमूट लिहून घेतलं त्यानं.

कालवांना जायची वेळ: सकाळी नऊ.
पुन्हा कधी? विचारलं.
दररोज, दर आठवड्याला, दर महिन्याला.
मी दररोज दाबलं.

चतुर्थीला बरोबर वाजलं.
सप्तमीला वाजलं तेव्हा
तवसाळच्या खडपावर कमरेएवढं पाणी,
मी काठावर, कोयती नि रिकामी पाटी घेऊन.
विचारतंय, काम झालं?

तिथीची पाऊणपट केली की भरती,
सासऱ्यांनी बोटांवर शिकवलेलं.
सात पाऊण सव्वापाच.
म्हणजे ओहोटी सव्वाअकराला.

खाली आणखी एक बटण होतं:
थोड्या वेळाने.
हे तेवढं
दर्या बघितलेल्या कुणीतरी केलं असणार.