चौदा नंबर

भरमाण्णा वडगावातून येताना
सायकलच्या कॅरिअरला बांधून आणतो
मागावरून उतरलेली पुठ्ठ्याची कार्डं,
भोकाभोकांची. कुठल्याशा जुन्या साडीचा काठ
त्यांत अजून कोंडलेला.
ती ऑटोक्लेव्हमधून काढायची,
एकेका पिंजऱ्यात एकेक टाकायची.
पांढरे उंदीर रात्रभर कुरतडतात,
सकाळी काठाचं घरटं झालेलं असतं.

दारावर तक्ता आहे. चार गोष्टी बघायच्या:
डोळा किती मिटलाय, गाल किती सपाट,
कान कुठे वळलेत, मिशा ताठ की सैल.
प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन.
वर ओपीडीतही असाच तक्ता आहे, माणसांसाठी,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा तोंडं.
माझ्या आईनं गुडघ्यासाठी त्यातलं दुसरं दाखवलं
आणि बेळगुंदीच्या बसची पायरी
दोन्ही हातांनी पाय उचलून चढली.

ज्याची शिकार होते तो प्राणी दुखणं दाखवत नाही,
दाखवलं की घार येते.
हे पुस्तकात आहे.
आईच्या बाबतीत घार कोण, ते नाही.

चौदा नंबर सलाईनच्या गटातला.
खानापूरच्या रानातली एक साल
ठणका उतरवते का, हे मला पाहायचंय,
त्यासाठी सहा जणांना ती द्यायची नाही.
तळव्यावरचा छेद मात्र सगळ्यांना सारखा,
माझ्याच हातचा, भूल देऊन, टाके मोजून.
बेरीज सहा झाली तर वेदनाशामक द्यायचं,
असं समितीला लिहून दिलंय.

रात्री दीडला बेरीज चार.
पुन्हा केली. चार.
डोळ्याच्या कडेला लाल ओघळ होता.
रक्त नव्हे ते, उंदराचं पाणीच तसं,
नवीन मुलं बघून घाबरतात.

भरमाण्णा माझ्या खांद्यावरून वाकला.
"आकडा बरोबर असंल तुमचा,
खरं यानं पुठ्ठ्याला तोंड लावलं न्हाई."

आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याच्या होस्टेलवर या एका शब्दासाठी
माझ्या नकला व्हायच्या.
त्या लाल दिव्याखाली मला ठरवता येईना
त्यानं नेमका कोणता शब्द वापरला.

अंगडी मॅडमना फोन लावला.
झोपेतून उठल्या की त्या कन्नडच बोलतात.
मी माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं,
चार, सहा नाही, डोळ्याची कड,
आणि ते साडीचं कार्ड, जसंच्या तसं.
पलीकडे कुत्रं भुंकलं, थांबलं.
मग म्हणाल्या, "कोडु."
म्हणजे दे.
माझ्या कानात आधी कोडं पडलं.
मग सिरिंज भरली.

पाठीची कातडी चिमटीत धरली,
ऊब होती, आणि आत
एवढ्याशा काळजाची घाई.
तो चावला नाही. चावला असता तर बरं वाटलं असतं.

रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना अरुंद आहे.
'पुठ्ठा कुरतडला नाही' एवढंच मावलं.
सहाचे पाच झाले.
आकडेवारीवाले सर विचारतील,
पाचावर काय सिद्ध होतं, बाई?

साडेतीनला कार्डाचा एक कोपरा ओला होता.
पाचच्या सुमारास काठाची पहिली ओळ,
कोयरीची असावी, गेलेली.
भरमाण्णानं खिशातून तंबाखूची पुडी काढली,
भिंतीवरची पाटी बघितली,
परत ठेवली.

दहावा दिवस चौदालाही चुकत नाही.
तसं कागदावर आहे, खाली माझी सही आहे.
आज पहिलाच संपला.

"उद्या त्याला दोन कार्डं टाका," म्हटलं.
"आणल्यात की दोन," सायकलची किल्ली शोधत तो म्हणाला,
"खरं साडी एकच हाय."