सव्वीसवर

एसीच्या बुडाला यांनी नळी जोडली,
नळीखाली रंगाचा रिकामा डबा.
रात्रभर टप् टप्.
आधी त्याने झोप लागेना,
मग ते थांबलं की जाग यायला लागली.

मुहर्रकची हवा अशी, की ऑगस्टात
चष्मा दारातच आंधळा होतो.
समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे खरा,
पण संध्याकाळी जिना चढून वर येतो,
कठड्याला हात लावला की ओला.
तोच समुद्र, मीठ खाली ठेवून आलेला,
सकाळी माझ्या डब्यात: अकरा लिटर.

त्यावर पुदिना, तुपाच्या डब्यात.
त्यावर गवती चहा, फुटक्या बादलीत.
आणि अळू.
कंद मी मोज्यात गुंडाळून आणला होता दापोलीहून,
त्याला पाय भिजलेले लागतात कायम,
माहेरी विहिरीच्या कडेला वाढलेला, लाडावलेला.

हे थोब शिवतात, मनामाच्या दुकानात.
कात्रणं पिशवी भरभरून घरी येतात.
पांढऱ्यातही किती पांढरे असतात
हे मला इथे कळलं:
दुधाचा, चुन्याचा, शिळ्या भाताचा.
जोडत गेले. जाड गोधडी झाली.
इथे अंगावर कोण घेणार?
पश्चिमेच्या काचेला पांघरली.
दुपारी चारचं ऊन पलीकडेच चुळबुळत राहिलं
आणि खोलीला प्रथमच सावली आली.

मग विसावरचा एसी सव्वीसवर नेला.
बिल एकसष्ट दिनारांचं अडतीसवर आलं.
यांनी ते दोनदा वाचलं,
घडी घालून कुराणाच्या रेहेलशेजारी ठेवलं.
मी शिरा केला.

चौथ्या दिवशी डब्यात चारच लिटर.
पुदिन्याच्या कडा करपल्या.
अळूने मान टाकली, एक पान, मग दुसरं.
हे आधी कसं सुचलं नाही मला?
मशीन कमी चालणार, तर समुद्र कमी गळणार.
एका हाताने वाचवलं ते
दुसऱ्या हातात आटलं.
रात्री रिमोट उशाशी घेऊन बसले.
झोपेतच हे म्हणाले, "झुलेखा, राहू दे."

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या मागे गेले.
अठरा एसी, अठरा धारा,
भिंतीवर शेवाळाचे हिरवे ओघळ,
गल्लीतली तेवढीच काय ती हिरवळ.
एक मांजर जीभ लावून पीत होतं, घाई नाही.

वरच्या मजल्यावर उम्म जासिम.
माझं अरबी भाजीपुरतं.
एसीकडे बोट केलं, डबा दाखवला, अळूचं मेलेलं पान दाखवलं.
ती म्हणाली, "माय?"
मी चमकले. इथे पाण्याला माय म्हणतात.
म्हटलं, हो, तीच. माय.

तिचा एसी अठरावर. घरात ती स्वेटर घालते.
टेकबहादूरने नळी खाली सोडली,
आणि तिच्या हुडहुडीवर
माझं अळू पुन्हा उभं राहिलं.
तिला सव्वीस सांगावं की नाही
यावर मी आठवडाभर गप्प होते.
माझ्या गप्पपणाला पानं फुटत होती, मोठाली.

अळुवड्या घेऊन गेले एकदा.
तिने चार खाल्ल्या, ताट मात्र परत देईना,
रिकामं ताट द्यायचं नसतं म्हणे तिच्यातही,
खजूर भरले त्यात.
मग खाली आली माझ्यामागून,
गोधडीवरून हात फिरवला,
काचेला लावला, पुन्हा गोधडीला.
मलाही, म्हणाली. माझीही पश्चिमेला.

माप घेऊन आलेय: पाच फूट बाय चार.
चुन्याचा पांढरा कडेला, दुधाचा मध्ये.
टाका घालते आणि कान बाहेर लावते.
तिची खिडकी झाकली की धार बारीक होणार,
हे माझ्या सुईला माहीत आहे.

टेकबहादूरला विचारून ठेवलंय,
तिसऱ्या मजल्यापासून
नळी किती मीटर लागेल.