केळीची साक्ष

गॅस मोजायचं यंत्र फेब्रुवारीपासून बंद.
पुण्याहून माणूस येतो म्हणाला, आला नाही.
म्हणून सटवाजी बोकारे अर्धापूरहून
हिरव्या केळीच्या दोन फण्या घेऊन आले.
एक डब्यात ठेवली, डब्याला जोडली
बुडबुड्यांच्या बाटलीची नळी.
दुसरी साध्या शेवाळाजवळ.

शेवाळ आपलं म्हणायचं. खरे तर जिवाणू,
ऊन खाऊन जगणारे,
आपल्याआधी अब्जावधी वर्षं ह्या धंद्यात.
त्यांच्या पोथीत मी एक ओळ घुसडली:
ऊन घ्या, हवेतला कर्ब घ्या,
आणि पोट भरायच्या आधी
थोडं इथिलीन सोडा.
तेच, जे तेलातून काढतात,
ज्याच्या पिशव्या होतात, ठिबकच्या नळ्या होतात,
ज्याने आडीतली फळं पिकतात.

एप्रिलात नांदेडला उन्हाची काय वाण?
उलट खिडकीला साडी बांधावी लागली,
आईची, जांभळी, विटकी,
नाहीतर बाटली पांढरी पडते.

चौथ्या दिवशी डबे उघडले.
तिकडची फणी हिरवीगार.
आपली पिवळी.
"पिकलं की ओ मॅडम, बगा,"
म्हणत सटवाजींनी एक सोललं
आणि पुरावा खाऊन टाकला.
मी वहीत लिहिलं: होय.

मग जून. तीच बाटली, तीच नळी,
नवी फणी.
सहा दिवस. सात. आठ.
केळी हिरवी ती हिरवीच,
बाटली मात्र कधी नव्हे इतकी दाट, तकतकीत.

ओळ परत वाचून घेतली, अक्षर न् अक्षर.
मध्येच चार अक्षरं जास्तीची.
तिथून पुढचं सगळं वाक्य बरळणं.
कुणा एकीचा लिहिताना हात घसरला असेल.
चूक तिच्या पथ्यावर पडली:
गॅस सोडायचा नाही, तर वाढायला वेळच वेळ.
तिच्या लेकींनी बाकीच्यांना बाजूला सारलं.
आता बाटलीभर तिचंच गोत.

नौशाद म्हणतो, फ्रीजरमध्ये जुनं बियाणं आहे,
अडखळायच्या जागा बदलून ओळ पुन्हा लिहू.
लिहू.

सटवाजींनी हिरवी फणी पिशवीत टाकली.
"भाजी होतीय हिची. फेकायची कामून?"

ते गेल्यावर दिवा मालवायला उठले,
तशीच उभी राहिले.
बुडबुडे वर येत होते, एकामागून एक,
नुसता प्राणवायू.
त्याला माझ्या वहीत रकानाच नव्हता.