अर्थिंग

माझ्या दारात आली की गाडी शहाण्यासारखी वागते.
एका चावीत सुरू. हॉर्न, वायपर, हेडलाइट, सगळं जागच्या जागी.
आवटीबाई म्हणतात, "बघा, आता कशी!"
आणि माझ्याकडं अशा बघतात
जसं मीच तिला शिकवून ठेवलंय.

तीन गॅरेज झाली होती त्यांची.
एकानं बॅटरी बदलली, एकानं कॉइल,
तिसऱ्यानं विचारलं, मॅडम, क्लच नीट दाबता ना?
त्या दिवसापासून बाईंनी वही घातली.
चौकटीची, कव्हर चढवलेली, वर लेबल:
विषय – गाडी.

माधवनगरच्या रस्त्याला माझं शटर.
रात्री ते अर्धं ओढून मी वही वाचली.
मंगळवार. बुधगावचा स्पीडब्रेकर. बंद. चार मिनिटांनी आपोआप सुरू.
शनिवार. कवलापूरच्या अलीकडं. ऊन.
पुन्हा शनिवार. ढग. अर्धी टाकी पेट्रोल.
मग वीस दिवस काहीच नाही.
मग एक ओळ, शिक्षिकेला न शोभणाऱ्या अक्षरात:
आजही सासूबाई सोबत. त्या बसल्या की ही रुसते.

मी हसलो.
मग पहिल्या पानापासून पुन्हा बोट लावत आलो.

नऊ नोंदी. सासूबाई पाचांत.
उरलेल्या चार फोनवर विचारल्या.
"होत्या की. बहिणीकडं निघालेल्या. मागंच बसतात, डावीकडं,
पुढं बसलं की ट्रक अंगावर येतात म्हणतात."

सकाळी इर्शादला मागं बसवलं, डावीकडं.
पोरगं चाळीस किलोचं,
म्हणून मांडीवर पोतं टाकून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी दिली.
बुधगावच्या ब्रेकरवरून गेलो, वळलो, आलो, परत गेलो.
रसवंतीवाला चरकात ऊस घालायचा थांबला.
सातव्या फेरीला
इंजिन गप्प,
मीटरमधले तांबडे दिवे एकदम जागे,
आणि मी भर रस्त्यात ओरडलो, "पडली रे, पडली!"
मागच्या टेंपोवाल्याला वाटलं, लॉटरी लागली.

"हलू नको," इर्शादला म्हटलं. "श्वाससुद्धा बेतानं घे."
मीटरची एक पिन पंपाच्या प्लगला, एक बॉडीला.
करंट येत होता.
त्याला परत जायला वाट नव्हती.
आमच्यात म्हणतात, अर्थ लागत नाही.
(बाई मराठी शिकवतात. हे सांगितलं तेव्हा
त्या एकट्याच हसल्या, बराच वेळ.)

सीट उपटली. कार्पेटखाली पापडासारखी सुकलेली माती,
कृष्णेची. बोटानं चुरली तर पिठासारखी.
विकणारा म्हणाला होता, डॉक्टरची गाडी आहे, उन्हातसुद्धा लावली नाही कधी.
मातीखाली काळ्या वायरीला एक जोड.
आतलं तांबं, बिनकल्हईच्या भांड्यातल्या ताकासारखं,
कळकलेलं, हिरवं.
कथील नाही. नुसता पीळ.
वर पिवळी टेप.

पिवळी.

महापुराच्या साली एका डीलरनं
गावभागातून चाळीस गाड्या ओढून आणल्या.
आठवड्यात चालू पाहिजेत, म्हणाला. पैसे रोख.
तिसऱ्या दिवशी पेठेतली काळी टेप संपली.
पिवळीचं एक खोकं माझ्याकडं पडून होतं.
पीळ उलटा, डाव्या हाताचा.

इर्शाद म्हणाला, "कुठल्या येड्याचं काम हे, चाचा?"
मी म्हटलं, "सोल्डरिंग गन आण."

संध्याकाळी बाई आल्या. सासूबाईंना घेऊनच आल्या,
त्या मागं, डावीकडं, पर्स मांडीवर घेऊन.
बाईंनी वही उघडली, पेन पुढं केलं:
"कारण लिहा. सविस्तर."
मी लिहिलं, अर्थिंगचा जोड सैल.
"जोड दिला कुणी होता?"
पोरांना विचारतात तसं विचारलं,
उत्तर हातात असल्यासारखं.

माझ्या पाठीमागं खिळ्याला पिवळ्या टेपचं रीळ लटकत होतं, अर्धं संपलेलं.
इर्शाद त्याच्याकडं बघत होता.
मी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं,
डाव्या हातानं.