नानुलीचा शेरा

बस, वाखो. मांजराला हाकल आणि बस.
सहा कागद आणलेस आणि सदरा एकच?
कागदावर काय, कागदावर सगळेच संघ जिंकतात.

एकतीस वर्षं मी या पोरांचे सदरे शिवले.
शिवले म्हणजे, उसवलेले शिवले.
शनिवारी सामना, रविवारी दारात गोणी,
रिओनीकाठचा चिखल वाळून पापड झालेला,
गळपट्ट्या लोंबतायत, बगला उघड्या.
निकाल कुणी सांगावा लागत नसे.
काखेत फाटला, तर आपण रेटत होतो.
पाठीवर फाटला, तर पळत होतो.
आणि मानेशी, काजाबटणासकट, तर
कुणीतरी पंचाची पाठ वळायची वाट पाहिलेली.

हं. दाखव.

हा लाल कुठून आणलास?
हा तर सरबताच्या बाटलीवरचा.
आपला लाल साप्पेरावीचा,
जमिनीत पुरलेल्या रांजणातून वर येतो तो;
कपड्यावर सांडला तर
नवरा बदलला तरी डाग जात नाही.
थोडा काळा मिसळ. अजून. घाबरू नकोस.

छातीवर सूर्य, ठीक.
पण पाकळ्या मोज.
मोज म्हणते ना.
सातवी शिवणीत गेली?
मग शिवण हलव, बाळा. सूर्य कशाला छाटतोस?

इथे आपली मुळाक्षरं, तेहतीसच्या तेहतीस.
लांबून वाटतं, काहीतरी लिहिलंय.
जवळ जावं तर पोरानं पाटी पुसायची विसरलेली.
अर्थ नसतो, शैली असते म्हणतोस?
सातवीत माझ्याही निबंधात
अशीच शैली होती. बाईंनी छडीनं वाचली.

तो खरा सदरा दे इकडे.
धर ते टोक. ओढ.
ओढ रे, जेवला नाहीस का?

फाटत नाही.
टाकाच नाही कुठे. चिकटवलाय.
आतून पाहिलं, उलटा करून पाहिला,
सुईला कुठेच दार नाही.

चांगलं आहे.
नाही, खरंच चांगलं आहे.

जुंबेर, दिवा लाव. आणि इकडे ये.
हा माझा नवरा, वाखो. अकरा वर्षं पाठीवर तीन नंबर,
स्क्रमचा उजवा खांब.
कान बघ, दोन सोललेले अक्रोड.
घाल रे हा.

डोकं गेलं.
खांदे अडले.
पोट तर बोलणी करायलाच आलं नाही.
हसू नकोस, आपला संघ याच मापाचा आहे.
घट्ट असला की समोरच्याला धरता येत नाही, कळलं मला.
पण पडलेल्याला आपल्याच गड्यानं उचलायचं,
तर कशाला धरून?

थांब, जुंबेर, हलू नकोस. बघते मी.

आणि हे काय, ठिपके?
चिखल दिसू नये म्हणून?
टीव्हीवर स्वच्छ दिसावं म्हणून?
अरे, पोरगा ऐंशी मिनिटं मातीत लोळेल
आणि घरी आई म्हणेल,
आज खेळवलंच नाही वाटतं त्याला.

लिही आता. दुसरा कागद.
रंग गडद. सातवी पाकळी.
काखेत दोन बोटं ढील,
गळपट्टी मुठीत येईल अशी.
ठिपके रद्द. खाली सही, नानुली, कुताईसी.
हुद्दा?
तो रकाना राहू दे कोरा.

मंडळाला सांग, नमुना परत मिळणार नाही.
आत जुंबेर आहे, हात वर, शिव्या देतोय,
कात्रीशिवाय निघायचा नाही.
आणि एकदा कात्री लागली की,
बघ ना,
शिवावा लागेलच.