दारं धरणारा

सोहारच्या कॅम्प-दवाखान्यात, दुसरी पाळी सुटल्यावर,
मी माणसांना आधी आडवं करते.
दहा मिनिटं बोलायचं नाही. मोबाइल शमसाच्या टेबलावर.
मग म्हणते, उठा.

उठताना रक्त सगळं पायांकडे धावतं
पाट फुटल्यासारखं,
आणि मानेच्या धमनीत कुणीतरी बसलेला असतो
त्याला कळतं, दाब उतरला.
तो हाक मारतो, हृदय पाय उचलतं,
माणसाला यातलं काही ठाऊक नसतं,
तो विचारतो, झालं का मॅडम?

निफाडकडे आप्पा रात्री दारं धरायचे.
वाफा भरला की फावड्यानं दारं मोडायचं, पुढचं उघडायचं,
बांधावर डुलकी लागली तरी
पाण्याचा आवाज बदलला की जाग.
शमसाचे आजोबा फलजवर हेच करायचे,
काठीची सावली मोजून, चिंधी नि दगड सारून.
आम्ही दोघी यावर एकदाच बोललो,
अर्ध्या हिंदीत, अर्ध्या हातवाऱ्यांत.

यंत्र कंपनीनं घेतलं, त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर महाग म्हणून नाही.
मी फुकटचं उतरवून घेतलं.
याचं झाकण उघडं असतं, आतलं वाचता येतं.
चारशे बाराव्या ओळीवर कुणीतरी लिहून ठेवलंय:
इथे माझी खात्री नाही, ठाऊक असेल त्यानं दुरुस्त करावं.
वीस वर्षं दवाखान्यांत काढली,
असं वाक्य कुठल्या केसपेपरवर दिसलं नाही.

इसहाक मुकादम, मंडणगडकडचा.
आडनाव मुकादम, काम भट्टीवर हेल्पर.
दोन ठोक्यांमधलं अंतर:
सातशे दोन, सातशे दोन, सातशे एक, सातशे दोन.
घड्याळासारखं ना? म्हणाला, खूश होऊन.
हृदयानं घड्याळासारखं चालू नये, भाई,
ते श्वासासोबत थोडं लांबावं, थोडं आखडावं,
वाटेत भेटलेल्याशी बोलत थांबावं.
हे मी त्याला सांगितलं नाही.
उठा म्हटलं. दाब घसरला. आकडे तसेच.
पाणी बांधावरून चाललंय
आणि दारं धरणारा गाढ झोपलाय.

सेफ्टीचे जोबी सर खुर्ची ओढून बसले.
मर्यादा तीन आहे, याचं आलं दोन पूर्णांक दोन,
असे या महिन्यात अकरा.
मर्यादा दोन करा ना. फुकटचंच तर आहे, उघडंच तर आहे.

खरं होतं. एक आकडा.
अठ्ठ्याऐंशीवी ओळ, मी तिथं जाऊनही आले,
कर्सर तीनच्या पुढ्यात लुकलुकत राहिला,
कुणी अडवलं नाही, पासवर्ड विचारला नाही.
फक्त बदल झाला की त्याखाली
तारीख राहते, आणि बदलणाऱ्याचं नाव.
आप्पांना शेजारचे म्हणायचे, रात्रीचं कोण बघतंय, थोडं वळवा इकडे.
आप्पा काय म्हणायचे ते आठवेना.
फावडं खांद्यावर घेऊन उभे असलेले तेवढे आठवले.

तीन तीनच राहू दिला.
चारशे बाराव्या ओळीखाली लिहिलं:
माझीही नाही. सोहारहून, वैजयंती.

इसहाकला म्हटलं, परत आडवे व्हा.
त्याला वाटलं यंत्र बिघडलं.
भट्टीची ऊब अजून त्याच्या कपड्यांत होती, खोलीभर पसरली.
दहा मिनिटं झाली, पंधरा झाली,
तो घोरायला लागला.
शमसानं दिवा मालवला.
सातशे दोन, सातशे दोन,
सातशे नऊ.

मी उठा म्हटलं नाही.