दोन पावलं वजा

पॉलिशचं मशीन पाणी पितं आणि चिखल ओकतं.
चिखल लाल, कारण फरशी लाल,
राजस्थानातून ट्रकने आलेला वाळूचा दगड,
जुळे सोलापुरात, इरण्णा हत्तुरेंच्या नव्या बंगल्यात.
मे महिना. पंखे अजून बसायचे होते.

माझं काम सोपं : उंच असेल ते खाली आणायचं.
चौरस फुटाला बावीस रुपये,
कोपरे हाताने, त्यांचे वेगळे.

देवघराच्या उंबऱ्याशी मशीन जरा अडखळलं.
मी दाबलं. सवयच ती.
मग यल्लव्वाने बादली ओतली
आणि चिखल सरकला तशी
लाल दगडात पांढरी बोटं दिसली.
चार पुढे, एक आखूड, अंगठ्यासारखं बाजूला.
लहान मुलाच्या तळहाताएवढी.
गवंड्याने खड्डे समजून
पांढऱ्या सिमेंटने लिंपली होती,
म्हणूनच उठून दिसली.
एक, दुसरं, तिरकं तिसरं,
मग कड. करवतीने सरळ कापलेली.
पुढचं पाऊल दुसऱ्या फरशीवर, दुसऱ्या ट्रकमध्ये,
कुठल्या तरी शहरात, कुणाच्या तरी जिन्यात.

"हेज्जे," यल्लव्वा म्हणाली आणि बादली खाली ठेवली.
माझ्या तोंडात आईचा शब्द आला, अडुगु.
हत्तुरेंची मुलगी म्हणाली, पाऊल आहे हो काका, पाऊल.
तीन भाषा उकिडव्या बसल्या एका दगडाभोवती.

तिने फोटो पाठवला तिच्या सरांना.
आम्ही डबा उघडायच्या आत उत्तर आलं :
सरपटणारा प्राणी. कोट्यवधी वर्षं. ओली वाळू.

सरपटणारा म्हणे.
मी गुडघ्यांवर बसून बराच वेळ पाहिलं.
पोट घासल्याची एक रेघ नव्हती.
नीट उचलून टाकलेली पावलं,
घाई नसलेली,
पाणी कुठे आहे ते माहीत असल्यासारखी.

आमच्याकडचा दगड काळा.
आगीतून आलेला.
त्यावर पाय ठेवायला कोण थांबलं असतं?
बापाचं एकच पाऊल मला माहीत होतं,
खड्डामागाच्या पावडीवर,
चाळीस वर्षांत टाचेने कोरलेलं.
माग मोडला तेव्हा पावडी बंबात गेली.
पाणी छान तापलं त्या दिवशी.
अंघोळ मीच केली.

हत्तुरेंच्या आई म्हणाल्या,
देवासमोर पालीचे पाय नकोत.
मुलगी रडकुंडीला आली. हत्तुरे मधे उभे.
"नरसय्या, अजून एक हात मार की. जाईल."

जाईल. दोन मिलिमीटर.
मला ठाऊक होतं किती,
कारण पहिली दोन मी आधीच घासली होती,
चिखलात, न बघता;
आणि यल्लव्वाने ती खराट्याने गटारात लोटली होती.

मी मशीनची पिन काढली.
म्हटलं, फरशी उलटी बसवतो. त्याचे पैसे नकोत.

पहार लावून चौघांनी उचलली.
संध्याकाळपर्यंत दाभणाने
बोटाबोटातलं पांढरं कोरून काढत बसलो.
का, ते कुणी विचारलं नाही.
मग ओल्या मालावर पालथी घातली,
रबरी हातोडीने ठोकली,
लेव्हल ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध.

आता तिथे आजी पाट मांडून बसतात.
खाली मऊ माल खड्ड्यांत शिरला असेल,
रात्रीतून आळला असेल,
नखांपर्यंत.
म्हणजे आता तिथे पावलं नाहीत,
पाय आहेत.
सोलापूरच्या मुरमावर नाही, मुरमाखालूनही नाही,
मधेच कुठेतरी, आमच्याकडे तळवे करून.

बिल लिहिलं. हॉल, देवघर, जिना, कोपरे.
शेवटी पेन्सिलीने : वजा दोन.
हत्तुरेंनी चष्मा वर केला.
"दोन काय? फूट?"

मी हो म्हटलं.